अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी टीएसएच ६.९ : आईच्या विसरण्याचे कारण खरोखर तेच असेल का?

शरयू_तीर

माझी आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या सात-आठ महिन्यांत तिचे विसरणे वाढले आहे. तोच प्रश्न ती तासाभरात तीनदा विचारते, तिचा वार चुकतो, आणि ज्या कपाटाची मांडणी तिने स्वतः केली त्याच कपाटापुढे ती ‘मी काय घ्यायला आले होते’ अशा मुद्रेने उभी राहते. रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारे आणि थायरॉइड कमी पडला की वाढणारे संप्रेरक, म्हणजे हार्मोन) ६.९ आला. फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातले प्रत्यक्ष थायरॉइड संप्रेरक, मर्यादेत आहे. रिपोर्टवर टीएसएचच्या आकड्यापुढे ‘जास्त’ असे ठळक अक्षरांत छापलेले पाहिल्यापासून माझ्या धाकट्या भावाची खात्री झाली आहे की कारण सापडले, आता थायरॉइडची गोळी लगेच सुरू व्हायला हवी. आमचे डॉक्टर मात्र तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, तोवर गोळी नको, असे म्हणतात. भावाला ही टाळाटाळ वाटते, आणि रात्री आई घरभर काहीतरी शोधत फिरते तेव्हा मलाही ती टाळाटाळच वाटू लागते.

माझा प्रश्न केवळ थायरॉइडपुरता नाही. वय वाढते तशी अनेक संप्रेरके कमी होतात आणि स्मरणशक्तीही उतरते. पण दोन्ही उतरणी एकाच वेळी दिसतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरते का? आणि जे कमी झाले आहे ते बाहेरून भरून दिले तर गेलेली स्मृती परत येते का? साठीच्या नव्हे, पंच्याऐंशीच्या पुढच्या माणसांबद्दल ज्यांना माहिती किंवा अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

जरावैद्यक

शरयूताई, वृद्धांवर उपचार करण्यात माझी सारी कारकीर्द गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. रिपोर्टवर छापलेली मर्यादा कुठून येते हे आधी पाहावे लागेल. बहुतेक प्रयोगशाळा सर्व प्रौढांसाठी एकच पट्टा छापतात, साधारण ०.४ ते ४.५ असा. परंतु टीएसएच वयानुसार सरकत जातो. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य पाहणीतील नमुन्यांचे वयोगटांनुसार केलेले विश्लेषण २००७ साली प्रसिद्ध झाले. थायरॉइडचा कोणताही आजार नसलेल्या ऐंशीच्या पुढच्या लोकांत वरची मर्यादा ७.५ च्या आसपास भरते, असे त्यात दिसले. म्हणजे आपल्या आईचा ६.९ हा आकडा चाळिशीतल्या व्यक्तीसाठी जास्त आहे, तिच्या वयासाठी नाही. शिवाय एखाद्या आजारातून माणूस सावरत असताना टीएसएच काही काळ वर जातो आणि नंतर आपोआप खाली येतो. डॉक्टरांनी पुन्हा तपासायला सांगितले त्यामागे हेच कारण असावे, आणि ती टाळाटाळ नव्हे.

मात्र माझ्या मते खरे प्रश्न वेगळेच आहेत. हा बदल हळूहळू आला की एखाद्या महिन्यापासून एकदम जाणवू लागला? त्याच सुमारास कोणते नवे औषध सुरू झाले का, विशेषतः ॲलर्जीचे, लघवीच्या तक्रारीचे किंवा झोपेचे? रक्तातील सोडियम, कॅल्शियम आणि बी-ट्वेल्व्ह तपासले का? त्यांना नीट ऐकू येते का? याची उत्तरे मिळाली तर पुढे बोलता येईल.

आकडेमोड

जरावैद्यकांच्या म्हणण्याला पूरक म्हणून नेदरलँड्समधील लायडेन शहराचा अभ्यास सांगतो, कारण तो नेमका याच वयाचा आहे. १९९७ ते १९९९ या काळात ज्यांनी पंच्याऐंशी वर्षे पूर्ण केली अशा तेथील रहिवाशांना त्यात घेतले होते. अभ्यासात ५९९ जण होते आणि ते एकोणनव्वद वर्षांचे होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. २००४ साली निष्कर्ष आले. टीएसएच जास्त असलेल्यांची बुद्धी अधिक वेगाने मंदावली नाही, त्यांच्यात नैराश्य अधिक आढळले नाही, आणि दैनंदिन कामांतील परावलंबित्वही वाढले नाही. उलट ज्यांचा टीएसएच जास्त होता ते अधिक काळ जगले.

हा झाला निरीक्षणाचा पुरावा. गोळी देऊन पाहिल्याचा पुरावाही आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत पासष्टीच्या पुढचे ७३७ लोक होते आणि त्यांचा सरासरी टीएसएच ६.४ होता, म्हणजे शरयूताईंच्या आईच्या आकड्याजवळचाच. निम्म्यांना लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) आणि निम्म्यांना औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी दिली. वर्षभराने लक्षणांत आणि थकव्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. पुढे २०१९ साली ऐंशी आणि त्यापुढच्या २५१ जणांचे वेगळे विश्लेषण झाले, त्यातही लाभ दिसला नाही.

तपस्विनी

वरच्या दोन्ही प्रतिसादांचा आदर राखून मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण ‘वयानुसार असे चालायचेच’ या वाक्याने माझ्या वडिलांचे एक वर्ष गेले. ते त्र्याऐंशी वर्षांचे होते. बोलणे मंद झाले, आवाज घोगरा झाला, दिवसचे दिवस ते खुर्चीत बसून राहत आणि नातवंडांची नावे त्यांना आठवेनाशी झाली. आम्ही सर्वांनी, आणि तेव्हाच्या डॉक्टरांनीही, हा स्मृतिभ्रंश आहे असे धरून घेतले. पुढे एका तरुण डॉक्टरने त्यांची कोरडी त्वचा आणि नाडीची मंद गती पाहून थायरॉइड तपासायला सांगितले. टीएसएच ऐंशीच्या वर आणि फ्री टी-फोर अत्यंत कमी निघाला. अगदी लहान मात्रेपासून गोळी सुरू झाली. चौथ्या महिन्यात एके सकाळी त्यांनी स्वतःहून मला विचारले, ‘तू हल्ली एवढी बारीक का झालीस?’ वर्षभरात त्यांनी माझ्याकडे पाहून केलेले ते पहिले निरीक्षण होते.

हे अपवादात्मक नाही. रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४९ साली थायरॉइडच्या तीव्र कमतरतेमुळे मनाचा तोल गेलेल्या चौदा रुग्णांचे वर्णन केले, आणि त्यांतील बहुतेक जण थायरॉइड दिल्यावर सुधारले. त्याआधी १८९१ साली जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून ज्या रुग्ण स्त्रीवर उपचार केले, ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. तेव्हा ‘गोळी नको’ हे उत्तर सरसकट देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जरावैद्यक

तपस्विनी, तुमच्या वडिलांना जे झाले ती कमतरताच होती आणि तिथे गोळी न देणे ही चूक ठरली असती. फ्री टी-फोर कमी असेल तर वय कितीही असो, उपचार करायलाच हवेत. टीएसएच वारंवार दहाच्या वर येत असेल तर गंभीरपणे विचार करायला हवा. पण टीएसएच ऐंशी आणि टीएसएच ६.९ ही एकाच आजाराची मोठी आणि लहान रूपे आहेत असे मात्र समजू नये. दुसऱ्या आकड्यात शरीराला हवे तेवढे संप्रेरक मिळत आहे. तिथे वरून आणखी दिले आणि मात्रा थोडी जरी जास्त झाली, तर हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडे ठिसूळ होतात. अनियमित ठोक्यांमुळे पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणजे ज्या मेंदूसाठी गोळी दिली त्यालाच इजा होण्याची वाट उघडते.

मृणाल_वि

मूळ प्रश्नातील ‘भरून दिले तर’ या भागाला इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या बाबतीत फार स्पष्ट उत्तर मिळाले आहे, आणि ते सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध होते. स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात इस्ट्रोजेनचा संदेश स्वीकारणारे रेणू (रिसेप्टर) आहेत. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांत स्मृतिभ्रंश कमी आढळतो असे अनेक निरीक्षणांत दिसले होते. त्यावरून तर्क सरळ वाटत होता. मग अमेरिकेत पासष्ट आणि त्यापुढच्या ४,५३२ स्त्रियांवर रीतसर चाचणी झाली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (दुसरे एक स्त्री-संप्रेरक) एकत्र घेणाऱ्या गटात ४० जणींना संभाव्य स्मृतिभ्रंश झाला, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्या गटात २१ जणींना. धोका कमी होण्याऐवजी दुप्पट झाला होता. हे २००३ सालचे निष्कर्ष आहेत.

आधीच्या निरीक्षणांनी फसवले ते का, हे मला या विषयातील सर्वांत शिकण्यासारखे वाटते. स्वतःहून संप्रेरके घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक शिकलेल्या, अधिक सुस्थितीतल्या आणि प्रकृतीची अधिक काळजी घेणाऱ्या होत्या. त्यांची स्मृती टिकली ती या गोष्टींमुळे, आणि श्रेय मात्र गोळीला मिळाले. रजोनिवृत्तीनंतर लगेच उपचार सुरू केले तर चित्र वेगळे दिसेल अशी आशा होती, पण नंतरच्या चाचण्यांत लवकर सुरू केलेल्या उपचारांनीही स्मृतीला ना लाभ झाला ना हानी. इतर त्रासांसाठी पन्नाशीत हे उपचार घेणे हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याबद्दल मी येथे काही म्हणत नाही. माझ्या आत्याने शहात्तराव्या वर्षी केवळ स्मृतीसाठी ते सुरू करण्याचा हट्ट धरला होता. मी तिच्याशेजारी बसून हे आकडे तिला वाचून दाखवले, तेव्हा तिने तो विचार सोडला.

अरुणोदय

पुरुषांच्या बाजूने मी लिहितो. माझे सासरे एक्याऐंशी वर्षांचे असताना एका दवाखान्याने त्यांना टेस्टोस्टेरॉन या पुरुष-संप्रेरकाचे जेल सुचवले आणि ‘मेंदू पुन्हा तल्लख होईल’ असे स्पष्ट आश्वासन दिले. मी आधी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेतला. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी की वयानुसार टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे प्रथिन रक्तात वाढते, त्यामुळे केवळ एकूण पातळी पाहून काहीच ठरवता येत नाही. ती पातळी दिवसाच्या वेळेनुसारही बदलते, म्हणून नमुना सकाळी घेऊन पुन्हा एकदा पडताळावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे २०१७ साली प्रसिद्ध झालेली चाचणी. पासष्टीच्या पुढचे, टेस्टोस्टेरॉन कमी असलेले आणि वयानुसार स्मृती मंदावलेले ४९३ पुरुष त्यात होते. एक वर्ष जेल वापरूनही त्यांच्या स्मृतीत औषध नसलेल्या जेलच्या तुलनेत सुधारणा झाली नाही. आम्ही जेल घेतले नाही.

सुमेधा_

डीएचईए या अधिवृक्क ग्रंथीच्या संप्रेरकाबद्दल कोणाला माहिती आहे का? विशीनंतर ते इतके कमी होते की सत्तरी-ऐंशीत दहा ते वीस टक्केच उरते, असे वाचले आहे. एवढी मोठी घट निरर्थक कशी असेल?

आकडेमोड

सुमेधा, घट खरी आहे, पण ती भरून काढून पाहिली गेली आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या चाचणीत वृद्धांना डीएचईए दिल्यावर रक्तातील पातळी तरुणांसारखी झाली, आणि तरीही शरीराची ताकद किंवा जीवनमान बदलले नाही. स्मृतीसाठी एक वर्ष दिलेल्या वेगळ्या चाचणीतही लाभ दिसला नाही. पातळी तरुणाची झाली म्हणून माणूस तरुण होत नाही.

इतिहास_वाचक

आकडेमोड यांचे शेवटचे वाक्य वाचून ब्राऊन-सेकार यांची आठवण झाली. मज्जारज्जूच्या अर्ध्या भागाला इजा झाल्यावर दिसणाऱ्या लक्षणसमूहाला आजही ज्यांचे नाव आहे, तेच हे श्रेष्ठ मज्जासंस्थातज्ज्ञ. १८८९ साली, बहात्तर वर्षांचे असताना, त्यांनी प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपली ताकद व बौद्धिक कामाची क्षमता परत आल्याचे पॅरिसच्या वैज्ञानिक सभेत जाहीर केले. २००२ साली त्यांच्याच पद्धतीने अर्क पुन्हा तयार करून मोजला गेला, तेव्हा त्यात टेस्टोस्टेरॉन इतके नगण्य निघाले की त्याचा शरीरावर परिणाम होणे शक्य नव्हते. ते खोटे बोलत होते असे मला मुळीच वाटत नाही. त्यांना ते खरोखर जाणवले असणार. म्हणूनच औषध नसलेल्या गोळीशी तुलना केल्याशिवाय अशा कोणत्याही अनुभवावर विसंबता येत नाही, मग तो अनुभव कितीही मोठ्या शास्त्रज्ञाचा असो.

निशांत_क

सगळे कमी झालेल्या संप्रेरकांबद्दल लिहीत आहेत, मी जास्त झालेल्या एका संप्रेरकाबद्दल लिहितो. माझे आजोबा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते आणि इन्सुलिनबरोबर साखर कमी करणारी एक गोळीही घेत होते. त्यांचे एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.१ होते आणि आम्हाला त्या आकड्याचा अभिमान होता. पहाटे ते गोंधळलेले असत, मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारत आणि नाश्त्यानंतर तासाभरात पुन्हा पूर्ववत होत. हे दोन महिने चालले. एका पहाटे मी सहज साखर मोजली तर ती ४८ होती. इन्सुलिन कमी केल्यावर पहाटेचा गोंधळ जवळजवळ संपला, पण त्या काळात जे हरवले ते सगळे परत आले असे मला म्हणवत नाही. मधुमेह असलेल्या १६,६६७ लोकांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना साखर खूप उतरल्यामुळे रुग्णालयात न्यावे लागले होते त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश अधिक आढळला. अनेक आजार असलेल्या वृद्धांसाठी आता एचबीएवनसी ८ पर्यंत चालेल असे मानले जाते ते याच धोक्यामुळे. घरात इन्सुलिन घेणारे वृद्ध असतील तर कृपया पहाटेची साखर मोजा.

शरयू_तीर

सर्वांचे मनापासून आभार. जरावैद्यकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे काल रात्री भावासोबत बसून शोधली. बदल हळूहळू आला असे मला वाटत होते, पण जुन्या नोंदी पाहिल्यावर लक्षात आले की तो गेल्या हिवाळ्यानंतर सुरू झाला. त्याच सुमारास अंगाला खाज येते म्हणून रात्री घ्यायची ॲलर्जीची गोळी सुरू झाली होती, आणि खाज गेल्यावरही ती बंद करायचे कोणीच सांगितले नाही. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे. सोडियम तपासलेले नाही.

जरावैद्यक

या दोन्ही गोष्टी आजच तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. ॲलर्जीच्या जुन्या पिढीतील, गुंगी आणणाऱ्या गोळ्या मेंदूतील ॲसिटिलकोलीनचे काम अडवतात, आणि स्मृतीसाठी तेच रसायन लागते. लघवी वाढवणाऱ्या काही औषधांनी वृद्धांचे सोडियम उतरते आणि त्यानेही माणूस गोंधळतो. इथे आपल्या मूळ विषयाशीही नाते आहे, कारण शरीरातील पाणी राखणारे संप्रेरक या वयात गरज नसतानाही अधिक स्रवू शकते आणि सोडियम आणखी पातळ करते. त्यामुळे सोडियमचा आकडा लवकरात लवकर पाहावा.

सावली_देणारी

कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाचा उल्लेख अजून झालेला नाही म्हणून लिहिते. १९९८ सालच्या एका अभ्यासात, ज्या वृद्धांचे कॉर्टिसोल वर्षानुवर्षे चढत राहिले त्यांचा हिप्पोकॅम्पस इतरांपेक्षा चौदा टक्के लहान आढळला आणि स्मृतीही कमी भरली. मी हे आधी ‘ताणामुळे स्मृती गेली’ असे सरळ वाचले होते. पण हिप्पोकॅम्पस हाच कॉर्टिसोलला लगाम घालणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे; तो आजाराने झिजला तर लगाम सुटतो आणि कॉर्टिसोल वाढते. म्हणजे बाण उलट दिशेनेही जाऊ शकतो. माझ्या आईच्या शस्त्रक्रियेनंतर ती तीन आठवडे पूर्ण गोंधळलेली होती. मी तिच्या रक्तात एकच दोषी संप्रेरक शोधत राहिले आणि त्या नादात तिची झोप, वेदना आणि चष्मा यांकडे उशिरा पाहिले. अजूनही त्याचे वाईट वाटते.

प्रदीप_न

शरयूताई, आणखी एक छोटी गोष्ट. केसांसाठी किंवा नखांसाठी आई बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असतील तर पुढच्या तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटाच कमी येतो.

मृणाल_वि

सावली, तुमचा मुद्दा थायरॉइडलाही लागू पडतो. खूप वृद्ध लोकांत टीएसएच थोडा वर जाणे हा बिघाड नसून संथ झालेल्या शरीराशी केलेली जुळवणी असू शकते. शंभरी गाठलेल्यांच्या २००९ सालच्या एका अभ्यासात त्यांचा टीएसएच त्यांच्यापेक्षा तरुण लोकांहून जास्त आढळला होता. नव्वदीच्या पुढच्यांच्या कॅलिफोर्नियातील अभ्यासात तर, ज्यांचा रक्तदाब ऐंशीनंतर वाढला त्यांच्यात स्मृतिभ्रंश कमी दिसला; मध्यम वयात मात्र हाच वाढलेला रक्तदाब स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतो. पन्नाशीचे नियम नव्वदीत जसेच्या तसे चालत नाहीत.

तपस्विनी

मृणाल, हे मला मान्य आहे. पण ‘जुळवणी’ हा शब्दही तपासल्याशिवाय वापरू नये एवढेच म्हणेन. माझ्या वडिलांच्या बाबतीतही सगळे तेच म्हणत होते.

शरयू_तीर

अडीच महिन्यांनी परत लिहीत आहे. सोडियम बरेच कमी, १२६ निघाले होते. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली आणि ॲलर्जीची गोळी बंद केली. आता सोडियम १३७ आहे आणि परवा पुन्हा केलेल्या तपासणीत टीएसएच ५.६ आला. थायरॉइडची गोळी दिलेली नाही. रात्री घरभर शोधत फिरणे थांबले आहे आणि एकच प्रश्न तासात तीनदा येत नाही. वार मात्र अजूनही चुकतो आणि अलीकडची नावे निसटतात. डॉक्टर म्हणाले की उरलेले विसरणे स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते, आणि त्यासाठी पुढच्या महिन्यात सविस्तर चाचणी ठरली आहे. भावाने रिपोर्टवरचा तो ‘जास्त’ शब्द पेनाने खोडला नाही, पण त्याच्या शेजारी आईचे वय लिहून ठेवले आहे.

जरावैद्यकांनी ऐकण्याबद्दल विचारले होते, त्याचे उत्तर द्यायचे राहून गेले होते. तिला डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. हे आम्हाला आता, नीट विचारल्यावर कळले. कानांची तपासणी गुरुवारी आहे.

जरावैद्यक

सोडियमची तपासणी महिन्याभराने पुन्हा करा. आणि श्रवणयंत्र लागणार असेल तर स्मृतीची चाचणी ते कानात बसवल्यानंतरच करा, आधी नको. प्रश्न ऐकूच न आल्यामुळे चुकलेली उत्तरे स्मृतीच्या खात्यावर जमा होतात, असे मी फार वेळा पाहिले आहे.